बारा वर्षांखालील मुलांचा चषक टायब्रेकरवर ठरवू नका : ठाणे आणि नवी मुंबईतील संयोजकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरात बारा वर्षांखालील मुलामुलींच्या फुटबॉल स्पर्धा भरवणारे सर्व संयोजक, शाळांचे क्रीडाशिक्षक, तसेच मंडळांचे आणि गृहसंकुलांचे पदाधिकारी यांस

विषय : लहान वयोगटात बरोबरीत राहिलेले सामने टायब्रेकरने, म्हणजे पेनल्टी शूटआऊटने, निकाली काढण्याची पद्धत थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझे आईवडील १९८२ साली वाशीत राहायला आले, तेव्हा इथे लोकल गाडी नव्हती, महानगरपालिका नव्हती आणि संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की मोकळ्या भूखंडांवरची धूळ घरभर पसरत असे. मात्र मोकळे भूखंड होते, आणि सेक्टरातील मुलांनी त्यांतील एकावर बांबूचे दोन गोलपोस्ट उभे केले होते. माझा धाकटा भाऊ तिथेच खेळायला शिकला. मी स्वतः कधी स्पर्धेत खेळले नाही. परंतु गेली दहा वर्षे आमच्या भागातील मुलांच्या स्पर्धेत नोंदणीच्या टेबलावर बसून निकाल लिहिण्याचे काम मी करते. ज्या पद्धतीविरुद्ध आज लिहीत आहे, त्या पद्धतीने ठरलेले कितीतरी निकाल माझ्याच अक्षरात त्या वहीत आहेत, याची मला जाणीव आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

माझी विनंती अशी की, बारा वर्षांखालील गटातील चषक यापुढे टायब्रेकरवर ठरवू नये. अंतिम सामना निर्धारित आणि जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिला, तर दोन्ही संघ संयुक्त विजेते घोषित व्हावेत. उपांत्य फेरीत एकाच संघाला पुढे जाणे भाग असते. तिथे काय करता येईल, याबद्दल पुढे लिहिले आहे. त्याआधी मला एका जुन्या सामन्याबद्दल सविस्तर लिहू द्यावे, कारण या प्रश्नाकडे मी जशी पाहते, तशी पाहायला मला त्या सामन्याने शिकवले.

१९८६ च्या विश्वचषकाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना रविवार, २२ जूनची रात्र आठवते. मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल आणि त्यानंतर चारच मिनिटांनी आपल्या अर्ध्या भागातून चेंडू नेत केलेला दुसरा गोल ज्यांनी पाहिला, त्यांना ती रात्र विसरणे शक्य नाही. मला मात्र तिच्या आदल्या रात्रीचा, शनिवार २१ जूनचा, ब्राझील आणि फ्रान्स यांच्यातील उपांत्यपूर्व सामना त्याहून मोठा वाटतो. ग्वादलाहाराच्या हालिस्को स्टेडियममध्ये तो दुपारी बारा वाजता सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच घरी होता, शेजारच्या काकूंकडे, आणि तोही कृष्णधवल. पाऊस सुरू झालेला असल्यामुळे अँटेना फिरवायला कुणालातरी गच्चीवर जावे लागे. त्या रात्री ते काम माझ्या वडिलांनी केले आणि पहिली दहा मिनिटे ते वर भिजतच उभे राहिले. काकूंच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आम्ही पंधरा-सोळा जण दाटीवाटीने बसलो होतो. ब्राझीलचा पिवळा आणि फ्रान्सचा निळा, दोन्ही रंग पडद्यावर नव्हतेच. फिकट शर्ट म्हणजे ब्राझील आणि गडद शर्ट म्हणजे फ्रान्स, असे वडिलांनी माझ्या अकरा वर्षांच्या भावाला एकदा सांगितले आणि मग त्याने पुन्हा विचारले नाही.

त्या सामन्यापर्यंत ब्राझीलवर स्पर्धेतील चार सामन्यांत एकही गोल झालेला नव्हता. सतराव्या मिनिटाला म्युलर आणि ज्युनियर यांनी छोट्या छोट्या पासांनी फ्रान्सचा बचाव फोडला आणि कारेकाने चेंडू जाळ्यात मारला. मध्यंतराच्या काही मिनिटे आधी फ्रान्सच्या रोशतोचा क्रॉस आला, तो एका बचावपटूला लागून किंचित वळला, स्तोपिराने त्यावर घेतलेली झेप हुकली, आणि मागच्या खांबाशी आलेल्या प्लातिनीसमोर गोल मोकळा होता. त्या दिवशी प्लातिनीचा एकतिसावा वाढदिवस होता. बरोबरीनंतर दोन्ही संघ ज्या प्रकारे खेळले, तसे फुटबॉल मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि त्यानंतरही फार वेळा पाहिले आहे असे म्हणता येणार नाही. तिगाना, जिरेस, फर्नांदेझ आणि प्लातिनी ही फ्रान्सच्या मधल्या फळीतील चौकडी चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकायची, तो ब्राझीलने काढून घेतला की तितक्याच शांतपणे तो उलट दिशेने निघायचा. धसमुसळेपणा फारसा नव्हता, वेळकाढूपणा नव्हता. भर उन्हात चाललेला तो खेळ आम्ही मध्यरात्री, पावसाच्या आवाजात पाहत होतो.

दुसऱ्या सत्रात ब्राझीलचे प्रशिक्षक तेले सांताना यांनी झिकोला मैदानात आणले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या स्पर्धेत त्याला बहुतेक वेळ बाकावरच बसावे लागले होते. मैदानात आल्यावर काही मिनिटांतच त्याने ब्रांकोसाठी असा पास टाकला की फ्रान्सचा गोलरक्षक जोएल बाट्स पुढे धावून आला आणि त्याने ब्रांकोला पाडले. पंचांनी पेनल्टी दिली. चेंडू झिकोने ठेवला, झिकोने मारला, आणि बाट्सने तो अडवला.

खोलीत कुणी ओरडले नाही. काकूंनी तेवढे "अगं बाई" म्हटले. आणि खेळ पुढे सुरू झाला. माझ्या विनंतीचा सगळा आधार या घटनाक्रमात आहे, म्हणून ते पुन्हा लिहिते : झिकोची पेनल्टी अडवली गेली, आणि खेळ पुढे सुरू झाला. त्याच्यासमोर अजून पाव तास होता, त्यानंतर जादा वेळेचा अर्धा तास होता. तो पुन्हा चेंडू मागत होता, सहकारी त्याला पुन्हा चेंडू देत होते. चूक झाली त्याच मैदानावर, त्याच संघात, त्याच सामन्यात त्याला काम उरले होते.

जादा वेळेच्या अखेरीस फ्रान्सचा बेलोन एकटाच पुढे निसटला, तेव्हा ब्राझीलचा गोलरक्षक कार्लोस याने पेनल्टी क्षेत्राबाहेर त्याला अडथळा केला, पण रुमानियाचे पंच इग्ना यांनी शिट्टी वाजवली नाही. त्यानंतर लगेच दुसऱ्या टोकाला ब्राझीलच्या सॉक्रेटिसने गोलसमोरची सोपी संधी दवडली. १-१ अशा बरोबरीवर टायब्रेकर सुरू झाला. पहिली पेनल्टी सॉक्रेटिसची. कपाळाला पट्टी बांधलेला तो उंच माणूस नेहमीप्रमाणे फार मागे न जाता, जेमतेम दोन-तीन पावलांत चेंडूपाशी आला, आणि बाट्सने ती अडवली. पुढच्या पेनल्ट्या आत जात राहिल्या. बेलोनचा फटका खांबावर आदळून परत आला, झेप घेतलेल्या कार्लोसच्या पाठीला लागला आणि गोलमध्ये गेला. ब्राझीलच्या खेळाडूंनी हरकत घेतली, पण पंचांनी गोल दिला, आणि आजच्या नियमांनुसारही तो गोलच धरला जातो. मग प्लातिनी आला आणि त्याने चेंडू आडव्या खांबावरून बाहेर मारला. बरोबरी झाली असे वाटत असतानाच ब्राझीलच्या ज्युलियो सेझारचा जोरदार फटका खांबावर आदळला, फर्नांदेझने शेवटची पेनल्टी जाळ्यात मारली, आणि फ्रान्स ४-३ ने पुढे गेले. रात्रीचे दोन वाजून गेले होते.

झिको, सॉक्रेटिस आणि प्लातिनी. त्या काळात चेंडूवर ज्यांची सर्वाधिक हुकमत होती अशा खेळाडूंची यादी कुणीही केली असती, तरी हे तिघे तिच्यात आले असते, आणि ते तिघेही एकाच दुपारी, बारा यार्डांवरून, समोर फक्त गोलरक्षक असताना चुकले. झिको आणि सॉक्रेटिस यांचा तो विश्वचषकातील शेवटचा सामना ठरला. टायब्रेकरमध्ये झिको पुन्हा पुढे आला होता आणि त्याने आपली पेनल्टी गोलमध्ये मारली होती, हे आज फार थोड्यांना आठवते. लोकांच्या लक्षात राहिली ती अडवली गेलेली. ज्युलियो सेझार पुढे युव्हेंटस आणि डॉर्टमुंडसारख्या क्लबांत अनेक वर्षे खेळला, तरी त्याचे नाव निघाले की पहिल्यांदा तो खांबच निघतो. प्लातिनीचे मात्र तसे झाले नाही, कारण त्याचा संघ जिंकला. जिना उतरताना वडील भावाला म्हणाले होते, "प्लातिनी चुकला, पण त्याला सांभाळायला बाकीचे होते." ते वाक्य मला दोन महिन्यांनी पुन्हा आठवले.

त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास आसपासच्या सेक्टरांतील मुलांची एक स्पर्धा झाली. ती कुणी भरवली होती, हे इथे लिहिण्याचे कारण नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता आणि आपल्यापैकी अनेकांसारखेच ते पदरमोड करून मुलांसाठी झटणारे लोक होते. माझा भाऊ आमच्या सेक्टराकडून खेळत होता. अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर आला. चेंडू मोठ्यांचा, चामड्याचा, दिवसभराच्या पावसाने फुगून जड झालेला. चार-चार पेनल्ट्या झाल्यावर पाचवी त्याच्याकडे आली. मैदानाच्या मध्यापासून त्या ठिपक्यापर्यंत तो एकटा चालत गेला. कडेला उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांचे बोलणे तेवढ्यापुरते थांबले. त्याचा टेकवलेला पाय चिखलात सरकला आणि चेंडू गोलरक्षकाच्या हातांत अगदी सावकाश जाऊन विसावला. समोरची मुले गोलरक्षकाकडे धावली. आमच्या बाजूची मुले जिथे होती तिथेच उभी राहिली. कुणीतरी मोठ्या माणसाने मागून म्हटले, "अरे, एवढं सोपं होतं." त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हते.

घरी आल्यावर भावाने मोरीत पाय धुतले, बुटांतला चिखल काढला, ते पुसून खिडकीत ठेवले आणि जेवून झोपला. त्यानंतर तो त्या मैदानावर गेला नाही. सुरुवातीला मुले बोलवायला यायची, तेव्हा अभ्यास आहे असे सांगायचा. मग मुले यायची थांबली. आमच्या संघाचे त्या सामन्यातील दोन्ही गोल त्यानेच केले होते. हे मला आजही त्याला सांगावे लागते, कारण त्याला स्वतःला ते आठवत नाही. चेंडू गोलरक्षकाच्या हातांत गेला, तेव्हा त्या मुलाने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता, हे मात्र तो आजही सांगतो. हे सगळे लिहिण्याआधी मी त्याची परवानगी घेतली. "त्यात काय एवढं, लिही," असे तो म्हणाला.

टायब्रेकर हा फुटबॉलचा अविभाज्य आणि पुरातन भाग आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो तसा नाही. ही पद्धत आंतरराष्ट्रीय नियमांत १९७० साली आली. त्याआधी बरोबरीत राहिलेला सामना पुन्हा खेळवत, आणि तेही शक्य नसेल तर चिठ्ठी किंवा नाणेफेक करीत. १९६८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील उपांत्य सामना नेपल्समध्ये गोलशून्य राहिला, तेव्हा इटलीचा कर्णधार फाकेत्ती याने नाणेफेक जिंकली आणि इटली अंतिम फेरीत गेली. एवढ्या मोठ्या स्पर्धेचा निकाल नाण्यावर लागावा, हे लोकांना पटण्यासारखे नव्हतेच, आणि म्हणून पेनल्ट्यांची पद्धत पुढे आली. विश्वचषकात ती पहिल्यांदा वापरली गेली ८ जुलै १९८२ रोजी, सेव्हिलमध्ये, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्या उपांत्य सामन्यात. ३-३ अशा बरोबरीनंतर त्या दिवशी फ्रान्स हरले. त्यात चुकलेल्या फ्रान्सच्या दोघांपैकी एक, मॅक्सिम बोसिस, चार वर्षांनी ग्वादलाहारात पुन्हा फ्रान्सच्या बचावफळीत उभा होता.

नाणेफेकीचा निकाल अन्यायकारक असतो, हे मला मान्य आहे. पण त्या अन्यायाचा विचार आपण कधी नीट केलेला नाही. नाणे उलटे पडले, तर हरलेल्या संघातील अकराही जण सारखेच हळहळतात. त्यांच्यापैकी एकाकडे वळून कुणी पाहत नाही. टायब्रेकरमध्ये पराभव एका माणसाच्या नावावर जमा होतो. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध इटलीचे तिघे चुकले होते, बारेसी, मासारो आणि बाज्जो. परंतु शेवटी चुकला तो बाज्जो, आणि जगाने तो पराभव एकट्या बाज्जोचा मानला. त्याच बाज्जोने बाद फेरीतील तीन सामन्यांत पाच गोल करून इटलीला तिथवर आणले होते. मोठ्या माणसांनी, ज्यांना त्या कामाचे मानधन मिळते आणि ज्यांच्या पाठीशी अख्खा संघ, डॉक्टर, प्रशिक्षक असतात, त्यांनी हे ओझे स्वीकारावे, याला माझी हरकत नाही. दहा वर्षांच्या मुलावर ते टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, एवढेच मला विचारायचे आहे.

"मुलांना दडपण सोसायची सवय लागली पाहिजे," असे मला आपल्यापैकी अनेकांनी वेळोवेळी सांगितले आहे, आणि या म्हणण्यात तथ्य आहे म्हणूनच त्याचे उत्तर देते. दडपण सामन्यातच भरपूर असते. सामन्यात पेनल्टी मिळाली, तर ती एखाद्या मुलानेच मारली पाहिजे, आणि ती चुकली तर चुकली, झिकोचीही चुकली. फरक असा की त्यानंतर खेळ सुरू राहतो. मुलाला धावावे लागते, मागे यावे लागते, चेंडू काढून घ्यावा लागतो, आणि पाच मिनिटांत ती चूक सामन्यातील शंभर गोष्टींपैकी एक होऊन जाते. चूक करून लगेच पुन्हा कामाला लागणे, ही शिकवण फुटबॉल या खेळात उपजतच आहे. टायब्रेकर ती शिकवण काढून घेतो, कारण चुकीनंतर करण्यासारखे काहीच उरत नाही. उरते ते मध्यरेषेपर्यंत परत चालत जाणे. दडपण सोसायला मूल त्यातून शिकत असेल असे मला वाटत नाही. पुढच्या वेळी "मी मारत नाही" असे सांगायला मात्र ते नक्की शिकते. पाचवी पेनल्टी कोण मारणार, असे प्रशिक्षकाने विचारल्यावर खाली गेलेल्या माना मी टेबलावरून दरवर्षी पाहते.

गोलरक्षक मुलाचा विचार तर आपण त्याहूनही कमी करतो. पूर्ण मापाचा गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच असतो. साडेचार फुटांच्या मुलाला त्यात उभे करून आपण एकामागून एक पाच फटके सोसायला लावतो, आणि पाचही आत गेले तर "एकही अडवली नाहीस" असे म्हणतो. लहान गोल वापरणाऱ्या टर्फवरच्या स्पर्धांत ही अडचण उलटी होते : तिथे पेनल्टी चुकणेच सोपे असते. लहान मुलांसाठी मैदान, चेंडू, गोल आणि सामन्याची वेळ यांत बदल करण्याची मुभा खेळाच्या नियमांनीच दिली आहे, आणि तिचा वापर करून आपण लहान चेंडू आणला, मैदान लहान केले, खेळाडू कमी केले. बरोबरी सोडवण्याची पद्धत तेवढी मोठ्यांची ठेवली.

शिवाय १९८६ साली नव्हती अशी एक गोष्ट आता आहे. माझ्या भावाची पेनल्टी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पन्नास-साठ लोकांनी पाहिली आणि पंधरवड्यात ते विसरले. आज टायब्रेकर सुरू झाला की पालकांचे मोबाइल वर होतात, आणि मूल घरी पोहोचून हातपाय धुवायच्या आत त्याची चुकलेली पेनल्टी संकुलाच्या व्हॉट्सॲप समूहावर पोहोचलेली असते. खाली सांत्वनाचे संदेशही असतात, आणि त्या प्रत्येक संदेशाबरोबर ती पुन्हा पाहिली जाते. गेल्या पावसाळ्यात अशी एक चित्रफीत मला आली. त्यातला मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन नाव लिहून गेलेला होता. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी ती काढून टाकण्याची विनंती केली, आणि ती तोवर किती ठिकाणी गेली असेल हे सांगता येत नव्हते. हे पत्र लिहायचे मी त्या दिवशी ठरवले.

सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२२ साली आपल्याकडे झाला, तेव्हा ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मी दोन्ही सामने पाहायला गेले होते. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात नायजेरिया आणि जर्मनी ३-३ अशा बरोबरीत राहिले आणि नायजेरियाच्या मुली टायब्रेकरमध्ये जिंकल्या. त्याच मुली चार दिवसांपूर्वी गोव्यात, मडगावला, कोलंबियाविरुद्ध टायब्रेकरमध्येच हरल्या होत्या. चार दिवसांत त्यांना दुसरी संधी मिळाली, त्यांच्याबरोबर प्रशिक्षक होते, एकवीस जणींचा संघ एकाच हॉटेलात राहत होता. नंतरच्या अंतिम सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत झालेल्या एकमेव गोलाने स्पेनने कोलंबियाला हरवले, आणि तो स्वयंगोल होता. ज्या मुलीकडून तो झाला तिचे नाव सर्वत्र छापून आले आहे, तरी मी ते इथे लिहीत नाही. सामना संपल्यावर मी बराच वेळ तिच्याकडेच पाहत होते. जगातल्या सर्वोत्तम मुलींना हे सोसणे किती जड जाते, ते त्या दिवशी आपल्या शहरातच दिसले. आपल्याकडचा दहा वर्षांचा मुलगा हरल्यावर रिक्षात बसून घरी जातो, आणि त्याचा पुढचा सामना पुढच्या वर्षी असतो.

संयुक्त विजेतेपदाला आपल्याकडे परंपरा नाही, असेही कुणी म्हणू नये. ड्युरँड चषक १९६० साली मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना संयुक्तपणे दिला गेला. १९७८ साली कोइमतूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ संयुक्त विजेते ठरले. १९८२-८३ च्या हंगामात संतोष चषक बंगाल आणि गोवा यांनी वाटून घेतला. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या ज्या दोन क्लबांच्या समर्थकांमध्ये एकमेकांविषयी एवढी ईर्ष्या आहे, त्यांना चषक वाटून घेता आला, तर दोन शेजारच्या संकुलांतील मुलांना का येऊ नये? वर्षातील पहिले सहा महिने चषक एका संघाकडे आणि पुढचे सहा महिने दुसऱ्याकडे ठेवावा. पदके सगळ्यांना सारखी द्यावीत.

आता उपांत्य आणि त्याआधीच्या फेऱ्यांविषयी. आपण टर्फ तासाच्या हिशेबाने भाड्याने घेता, एका दिवसात अनेक सामने उरकायचे असतात, आणि टायब्रेकर पाच मिनिटांत संपतो, ही अडचण मी टेबलावर बसून स्वतः पाहिलेली आहे. म्हणून माझी सूचना अशी की, बरोबरीनंतर जादा वेळ खेळवताना दर दोन मिनिटांनी दोन्ही संघांतील एकेक खेळाडू कमी करावा आणि पहिला गोल होताच सामना संपवावा. मैदान मोकळे होत जाते, जागा वाढते, आणि गोल बहुधा लवकर होतो. जो गोल होतो तो धावत्या खेळात होतो, आणि चूक झालीच तर ती वाटली जाते. तेवढ्यानेही निकाल लागला नाही, तर चिठ्ठी काढावी, आणि ती मुलांच्या हातून न काढता पंचांनी काढावी. साखळी पद्धतीने गट पाडता येत असतील तर त्याहून चांगले, कारण तिथे बरोबरीचा एकेक गुण देऊन पुढे जाता येते.

याखेरीज, ज्या स्पर्धांची नियमपत्रके या वर्षीसाठी छापून झाली असतील आणि ज्यांना टायब्रेकर टाळणे शक्य नसेल, त्यांनी निदान त्या वेळी मैदानाच्या कडेचे मोबाइल खाली ठेवायला सांगावे, आणि एकच मूल पुढे चालत न जाता दोन्ही संघ पेनल्टी क्षेत्राच्या रेषेशी एकत्र उभे राहतील अशी व्यवस्था करावी. आमच्या भागातील स्पर्धेत गेल्या वेळी आम्ही हे करून पाहिले. पेनल्टी चुकलेल्या मुलीच्या खांद्यावर हात पडायला दोन सेकंदही लागले नाहीत.

संयुक्त विजेतेपद द्यायचे म्हटले की दुसऱ्या चषकाचा खर्च येतो, असे एका संयोजकांनी मला सांगितले. वाशी, कोपरखैरणे आणि नेरुळ भागातील बारा वर्षांखालील गटाच्या ज्या स्पर्धेचा अंतिम सामना यंदा बरोबरीत सुटेल आणि जिचे संयोजक दोन्ही संघांना विजेते घोषित करतील, त्या प्रत्येक स्पर्धेसाठी दुसरा चषक मी देईन. तो त्याच मापाचा असेल आणि त्याच दिवशी मैदानावर पोहोचेल. चषक आणून देण्याचे काम माझ्या भावाने स्वतःकडे घेतले आहे.

आपली विश्वासू,
वाशी येथील एक रहिवासी आणि मुलांच्या स्पर्धेची नोंदणी-स्वयंसेविका